ओढ्याचा काठ आणि शेजारधर्म

सातबाराच्या उताऱ्यावर 'पोटखराब' असा एक शब्द आढळतो. खातेदाराच्या नावे असलेल्या जमिनीपैकी जो भाग लागवडीस अयोग्य, तो ह्या सदराखाली दाखविला जातो. त्यात खडक येतो, नाला येतो आणि पुष्कळदा ओढ्याचा काठही येतो. सारा आकारणाऱ्या सरकारच्या दृष्टीने ही नोंद रास्तच होती. जेथे पीक नाही तेथे सारा कसला? परंतु दप्तरातला शब्द कालांतराने माणसाच्या मनात मुक्काम करतो. जे खराब म्हणून लिहिले गेले ते खराबच, असे आपण धरून चालतो. मग तेथे भराव घालणे, राडारोडा टाकणे, झाडे तोडून आपला बांध ओढ्याच्या अंगावर चार हात सरकवणे, ह्यात काही अनुचित घडते आहे असे वाटेनासे होते.

वस्तुतः ओढ्याकाठची ती अरुंद पट्टी साऱ्या शिवारातील सर्वांत कष्टाळू जमीन होय. करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज ह्यांची मुळे मातीला धरून ठेवतात. लव्हाळा आणि गवत पुराच्या पाण्याचा वेग मोडतात. वेग मोडला की गाळ तेथेच बसतो, आणि त्या गाळात पाणी मुरते. पावसाळ्यात प्यालेले हे पाणी काठ पुढे कित्येक आठवडे, कित्येक महिने थोडे थोडे करून ओढ्याला परत देत राहतो. काठ उघडा पडला की सारेच उलटे होते. ओढा खोल खचत जातो, पूर येतो तसा निघून जातो, आजूबाजूच्या विहिरी आटतात आणि होळीपूर्वीच पात्रात धोंडे दिसू लागतात.

येथे जो प्रश्न उभा राहतो तो शेतीशास्त्राचा नव्हे, नीतिशास्त्राचा आहे. काठ मोडणाऱ्याला लाभ होतो आणि हानी खालच्या शेजाऱ्याला सोसावी लागते. उलट, काठ राखणाऱ्याला झीज सोसावी लागते आणि लाभ मुख्यतः इतरांच्या पदरी पडतो. म्हणजे एखाद्याने अगदी सज्जनपणे आपल्या वाट्याचा काठ राखला, तरी वरच्या अंगाच्या शेजाऱ्याने तो राखला नाही तर एकाच पावसाळ्यात सज्जनाची मेहनत वाहून जाईल. दानधर्म एकट्याने करता येतो, उपवास एकट्याने करता येतो. ओढ्याचा काठ मात्र एकट्याच्या सद्गुणाने राखता येत नाही. तो अनेकांनी मिळूनच राखावा लागतो. आणि अनेकांनी मिळून म्हटले की लगेच विचारावे लागते : ह्या 'अनेकां'ना माझ्या नावावरील जमिनीविषयी नियम करण्याचा अधिकार कोणी दिला?

प्रश्न नवा नाही. सम्राट जस्टिनियन ह्याच्या आज्ञेवरून इ. स. ५३३ मध्ये रोमन कायद्याचे जे पाठ्यपुस्तक सिद्ध झाले, त्यात नदीच्या काठाचा स्वतंत्र विचार आढळतो. हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा ह्या गोष्टी निसर्गतः सर्वांच्या, असे ते शास्त्र सांगते. काठाविषयी मात्र त्याची भूमिका अधिक बारकाईची आहे. काठाची मालकी लगतच्या शेतमालकाची, त्यावरची झाडेही त्याचीच. पण काठाचा वापर सार्वजनिक. नाव बांधायला, माल उतरवायला कोणीही काठावर यावे, मालकाने अडवू नये. मालकी एकाची आणि उपयोग सर्वांचा, ही जोडगोळी आजच्या माणसाला चमत्कारिक वाटते, कारण मालकी म्हणजे इतरांना हाकलण्याचा हक्क एवढाच अर्थ आपल्याला उरला आहे.

हे जुने तत्त्व आपल्या देशाच्या न्यायालयातही येऊन पोहोचले आहे. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठची वनजमीन एका हॉटेल कंपनीला पट्ट्याने देण्यात आली होती. पुरापासून आपली वास्तू वाचावी म्हणून त्या कंपनीने यंत्रे लावून नदीचा प्रवाहच वळविण्याचा खटाटोप केला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो पट्टा रद्द केला आणि नदी व तिचा परिसर पूर्ववत करण्याचा खर्च कंपनीवर टाकला. न्यायालयाचे म्हणणे असे की, सरकार अशा निसर्गसंपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे. विश्वस्ताला ठेव विकता येत नाही. निकाल स्तुत्य होय ह्यात शंका नाही. परंतु न्यायालय बियासच्या एका वळणावर पोहोचले; गावोगावच्या हजारो ओढ्यांच्या काठी कोण पोहोचणार?

'कोणीच नाही' असे उत्तर गॅरेट हार्डिन ह्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९६८ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात जवळजवळ दिलेच होते. जे सर्वांचे ते प्रत्येकजण ओरबाडणार आणि शेवटी सर्वांचेच वाटोळे होणार. तेव्हा एकतर ते खाजगी करा, नाहीतर सरकारच्या ताब्यात द्या, असा त्याच्या युक्तिवादाचा रोख. ह्याला उत्तर दिले एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या विदुषीने. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिने जगभरातील अशा समाजांची उदाहरणे मांडली, ज्यांनी कुरणे, जंगले आणि पाण्याचे पाट शतकानुशतके मिळून सांभाळले. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल ह्या डोंगरी गावात १५१७ सालापासून नियम आहे की, हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणात सोडाव्या. किती साधा नियम, आणि किती शहाणा! ऑस्ट्रॉम ह्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री.

परंतु स्वित्झर्लंडपर्यंत जाण्याचे कारण नाही. राजस्थानच्या अलवर जिल्ह्यात अरवली पर्वताच्या कुशीत अरवरी नावाची सुमारे ४५ किलोमीटर लांबीची छोटी नदी आहे. नदी म्हणायचे ते पावसाळ्यापुरते. एरव्ही कित्येक वर्षे ते कोरडे पात्रच होते. डोंगरावरचे धोकाचे जंगल तोडले गेले होते, पूर्वजांनी बांधलेले जोहड गाळाने भरून गेले होते, तरुण मंडळी पोटासाठी शहरांकडे निघून गेली होती. १९८५ साली राजेंद्र सिंह हा सरकारी नोकरी सोडलेला तरुण 'तरुण भारत संघ' ह्या संस्थेच्या काही साथीदारांसह तेथे आला. आयुर्वेद शिकलेला असल्याने दवाखाना काढावा आणि मुलांना शिकवावे असा त्याचा बेत होता. गोपालपुरा गावातील एका वृद्धाने त्याला सांगितले की औषध आणि अक्षर नंतर पाहू, आधी पाण्याचे काहीतरी कर. आणि बोलत बसू नकोस, फावडे घे. सेवेला आलेल्या माणसाने सेवा कोणती करावी हे ज्यांची सेवा करायची त्यांनीच ठरवावे, ही गोष्ट आम्हां धर्मगुरूंनाही अनेकदा उशिरा कळते.

जोहड म्हणजे उताराच्या तोंडाशी घातलेला अर्धचंद्राकृती मातीचा बांध. पावसाचे पाणी त्याच्यामागे थांबते, जमिनीत मुरते, खडकाच्या भेगांतून विहिरींना मिळते आणि सावकाश नदीच्या पात्रात झिरपते. गोपालपुरात जोहड सजीव झाला, तो पाहायला शेजारची गावे आली आणि आपापल्या गावी काम सुरू करती झाली. श्रम गावाचे, दगडमाती गावाची, आणि जागा कोणती हे ठरविणेही गावाचेच. अरवरीच्या उगमाजवळील भावता-कोल्याला ह्या गावांनी बांधांबरोबर डोंगरावरील जंगलही राखायला घेतले : हिरवे झाड तोडायचे नाही, चराईला शिस्त लावायची. असे शेकडो बांध खोऱ्यात झाले आणि १९९५ च्या सुमारास अरवरी बारमाही वाहू लागली. मार्च २००० मध्ये तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन स्वतः त्या खेड्यात आले आणि त्यांनी गावकऱ्यांचा सन्मान केला. राजेंद्र सिंह ह्यांना पुढे २००१ साली मॅगसेसे आणि २०१५ साली स्टॉकहोम जल पारितोषिक मिळाले.

येथवरची कथा सुखद आहे, आणि व्याख्यानांतून ती येथेच संपवली जाते. मला तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. नदीत पाणी आले, तसे पाण्यात मासे आले. आणि मासे आले तसे सरकारही आले. १९९६ साली हमीरपूरजवळच्या पात्रातील मासेमारीचा ठेका बाहेरच्या ठेकेदाराला देण्यात आला. नदी कोरडी होती तेव्हा तिच्याकडे कोणी फिरकले नव्हते! गावकऱ्यांनी विरोध केला, ठेका मागे घ्यावा लागला. पण ह्या प्रकरणाने त्यांना एक गोष्ट शिकविली : नदी जिवंत करणे हे अर्धेच काम आहे, जिवंत नदीचे काय करायचे हे ठरविणे हे उरलेले अर्धे. म्हणून १९९८-९९ च्या हिवाळ्यात सुमारे सत्तर गावांनी मिळून 'अरवरी संसद' स्थापन केली. तिने नियम केले. उसासारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, भात लावायचा नाही, खोल कूपनलिका खोदायच्या नाहीत, मासे विकायचे नाहीत, शिकार करायची नाही, झाडे तोडायची नाहीत, चराईला मर्यादा घालायची. ह्या संसदेला कायद्याचा आधार नाही. तिच्याजवळ पोलीस नाहीत, तुरुंग नाही. तिचा नियम मोडला तर फार तर चारचौघांत विचारणा होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्याच्या विहिरीला पाणी आहे आणि ज्याच्या हातात पैसा आहे, त्याने ऊस का लावू नये? त्याची जमीन, त्याची विहीर, त्याचे इंजिन. शेजाऱ्यांनी बहुमताने ठराव केला म्हणून एखाद्याचा हक्क हिरावला जात नाही. बहुमत ही गोष्ट पुष्कळदा अन्यायाची दासी असते हे इतिहासाने दाखविले आहे.

ह्या ठिकाणी संत थॉमस अॅक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात केलेले विवेचन उपयोगी पडते. सेमिनरीत आम्ही ते परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा ओढ्याशी काही संबंध असेल असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसावे. संत थॉमस खाजगी मालकीचे समर्थन करतात, आणि तेही अगदी व्यावहारिक कारणांनी : स्वतःच्या वस्तूची माणूस अधिक काळजी घेतो, कोणी काय करावे ह्यात सुव्यवस्था राहते आणि तंटे कमी होतात. पण लगेच ते पुढे सांगतात की, सांभाळण्यापुरती वस्तू माझी असली तरी उपभोगाच्या बाबतीत तिच्याकडे सर्वांची म्हणूनच पाहावे. गरजवंताला त्यातून द्यावयास मी तत्पर असावे. म्हणजे मालकी हे सांभाळण्याचे कर्तव्य आहे. ज्या कारणांसाठी मालकी न्याय्य ठरते, तीच कारणे मालक पायदळी तुडवू लागला, त्याच्या मालकीमुळे जमीन खचू लागली आणि तंटे वाढू लागले, तर मालकीचा आधारच निसटतो. उसाचा मळेवाला आपल्या जमिनीचा मालक आहे. जमिनीखालून वाहणाऱ्या, सत्तर गावांनी पाठीवर माती वाहून मुरविलेल्या पाण्याचा मात्र तो एक वाटेकरी आहे. अरवरी संसद त्याच्याकडून त्याचे काही हिरावून घेत नाही. जे त्याचे कधीच नव्हते त्याची मर्यादा दाखवून देते. माझ्या मते तिचा अधिकार ह्या पायावर उभा आहे, मतांच्या मोजणीवर नव्हे.

तथापि एक काटा उरतोच. झीज सर्वांना सारखी लागत नाही. उसाच्या मळेवाल्याने ऊस सोडला तर त्याचा नफा कमी होतो. ज्याच्याजवळ चार शेळ्यांखेरीज काही नाही त्याला डोंगर बंद झाला तर त्याची चूल थंडावते. 'सर्वांनी मिळून त्याग करू या' ही हाक गोड लागते, पण ती बहुधा दोन वेळ जेवलेल्या माणसाच्या तोंडून निघते. काठ राखण्याच्या कोणत्याही योजनेत मी प्रथम हेच विचारीन की, भूमिहीनाच्या शेळ्या उद्यापासून कोठे चरणार, आणि गवत वाढल्यावर ते कापून नेण्याचा पहिला मान कोणाला. ह्याचे उत्तर ज्या ठरावात नाही तो ठराव एकमताने झाला असला तरी मला न्याय्य वाटणार नाही. एकमत म्हणजे काही वेळा दुबळ्याचे मौन असते. पॅरिश कौन्सिलच्या सभांना बसणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

मौन कसे फोडावे ह्याचा एक वस्तुपाठ अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सापडतो. तेथील ट्राऊट क्रीक नावाच्या रखरखीत डोंगराळ मुलखात ओढ्यांच्या काठी गुरे वर्षानुवर्षे मोकाट चरत. काठची झाडे नाहीशी झाली, पाणी उथळ आणि गरम झाले, आणि त्या पाण्यातला एक दुर्मिळ ट्राऊट मासा नामशेष होण्याच्या बेतात आला. जमीन सरकारी, चराईचा परवाना पशुपालकांचा, आणि गुरे कायमची हाकला म्हणणारे निसर्गप्रेमी शहरातले. सगळी तयारी कोर्टकचेरीची होती. १९८८ साली मात्र काही पशुपालक, काही निसर्गप्रेमी आणि सरकारी अधिकारी एकत्र बसू लागले. बसण्याची रीत साधी होती : खुर्च्या वर्तुळात मांडायच्या, प्रत्येकाने पाळीपाळीने बोलायचे, मध्ये कोणी तोंड घालायचे नाही, आणि सर्वांना मान्य होईल तोच निर्णय धरायचा. ह्या मंडळींनी ओढ्यावर जाऊन काठही पाहिला. प्रत्यक्ष खचलेल्या काठावर उभे राहिल्यावर 'माझे बरोबर, तुझे चूक' म्हणणे थोडे कठीण जाते. तेथील एका मोठ्या पशुपालकाने आपण होऊन तीन वर्षे डोंगरावरील ओढ्यांकाठी गुरे सोडली नाहीत. नंतर गुरे परतली, पण कमी संख्येने आणि कमी दिवसांसाठी. दरम्यान काठावर वाळुंजाच्या जातीची झुडपे पुन्हा उभी राहिली होती. निसर्गप्रेमींनी गुरे कायमची हाकलण्याचा हट्ट सोडला, पशुपालकाने 'नेहमी असेच चालत आले आहे' हे वाक्य सोडले. दुसरी गोष्ट अधिक कठीण, असे मला वाटते.

आपल्याकडे वसईत ओढ्यांपेक्षा बावखले अधिक. पण प्रश्न तोच आहे. ज्या बावखलावर एकेकाळी रहाट फिरला, ज्याच्या पाण्यावर केळी, पानवेली आणि भाजीपाल्याच्या वाड्या पिकल्या, ते बावखल कोणाच्या तरी नावावर असते, आणि वाटण्या होताना त्याच्या गुंठ्यांचा हिशेब होतो. भराव घालून ते विकले तर दाम विकणाऱ्याच्या खिशात जातो. त्या पाण्याने ज्या आसपासच्या विहिरी गोड राहिल्या होत्या त्यांचे मालक विक्रीच्या कागदावर सही करीत नाहीत. त्यांना कोणी विचारतही नाही. कायद्याने विचारण्याची गरज नसेल, शेजारधर्माने आहे.

परंतु स्थानिक समाजाच्या हाती सर्व दिले की प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. समाजही स्वार्थी असू शकतो. फक्त त्याचा स्वार्थ अनेकवचनी असतो. २००१ साली अलवर जिल्ह्यातच लावा का बास येथे गावकऱ्यांनी बांध घातला, तेव्हा पाटबंधारे खात्याने तो बेकायदेशीर ठरविला. पावसाचे पाणी सरकारचे, हा खात्याचा एक मुद्दा होता आणि तो मला उद्दामपणाचा वाटतो. दुसरा मुद्दा असा की खाली भरतपूरकडे जाणाऱ्या पाण्यावर तिकडच्या लोकांचा जुना हक्क आहे. हा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुढे सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी अरवरीच्या खोऱ्याचा अभ्यास करून २०१० च्या सुमारास जे निष्कर्ष मांडले तेही असेच विचारात टाकणारे आहेत. बांधांमुळे भूजल वाढते आणि दुष्काळात त्याचा आधार होतो, हे त्यांनी मान्य केले. पण ह्याला एक मर्यादा आहे; त्या मर्यादेपलीकडे बांध वाढवीत गेले तर भूजलात भर पडत नाही, खाली वाहणारे पाणी मात्र कमी होते.

पोप पायस अकरावे ह्यांनी १९३१ साली आपल्या विश्वपत्रात पूरकतेचे तत्त्व मांडले. त्याचा अर्धाच भाग आपण सांगत असतो : लहान समूहाला जे जमते ते मोठ्याने आपल्याकडे ओढून घेऊ नये. उरलेला अर्धा असा की, लहान समूहाला जे जमत नाही त्यात साहाय्य करणे हे मोठ्याचे कर्तव्य आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही 'साहाय्य' असाच आहे. स्वतःच्या गावापलीकडे पाहणे लहान समूहाला सहसा जमत नाही. तेथे सरकारने पाणी मोजावे, नोंदी उघड ठेवाव्या, वरच्यांच्या आणि खालच्यांच्या हक्कांचा मेळ घालावा. मासळीचे ठेके देण्यापेक्षा हे काम त्याला अधिक शोभेल.

अरवरी संसदेची रचना झाली तेव्हा तिची बैठक वर्षातून दोनदा भरावी असे ठरले, आणि खोऱ्यातील प्रत्येक गावाचे प्रतिनिधी तिच्यात बसतात. खोरे जेथे संपते त्याच्या खालच्या गावांना तेथे जागा नाही. असे मंडळ कोठेही नव्याने उभे राहणार असेल, मग ते ओढ्याचे असो वा बावखलाचे, तर माझी एक सूचना आहे. बैठकीत दोन खुर्च्या खालच्या शिवारातील माणसांसाठी राखून ठेवाव्या, आणि बोलण्याची पहिली पाळी त्यांना द्यावी.